लिमयेकाकूंचं खारं पाणी

वसुधाकाकूंनी माझं नाव विचारायच्या आधी माझी खालची पापणी ओढून पाहिली. मी बॅग हातात धरून त्यांच्या दारात उभी होते. त्यांनी अंगठ्याने माझ्या डोळ्याखालची कातडी खेचली, चष्मा कपाळावर चढवून आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "नऊ. फार तर साडेनऊ. अकोल्यात पालेभाज्या मिळत नाहीत का?"

मी म्हटलं, "मिळतात ना."

"मग खायच्या असतात. ये आत. चपला बाहेर ठेव. मतंही ठेवलीस तर उत्तम."

वसुधा लिमये यांची सगळी नोकरी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली होती. सदाशिव पेठेतली निम्मी माणसं त्यांना चेहऱ्याने नव्हे, रक्ताने ठाऊक होती. दूधवाल्याशी त्या त्याच्या साखरेबद्दल बोलत, वाण्याशी त्याच्या थायरॉइडबद्दल. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईचं हिमोग्लोबिन त्या जिलबी वाढून होईपर्यंत सांगून टाकत. निवृत्तीनंतर रक्त मिळेना, म्हणून पापण्यांवर भागवत.

मी हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नुकती लागले होते. कंपन्यांना तेव्हा माणसं पुरत नव्हती आणि विदर्भ-मराठवाड्यातून आम्ही गाड्या भरभरून येत होतो. कंपनीची बस टिळक रस्त्यावरून जायची, म्हणून पेठेत खोली शोधली. काकूंची मुलगी केतकी मेलबर्नला, यजमान वारलेले, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मोठा. मागची खोली मला मिळाली.

हॉलमध्ये सोफा नव्हता. सोफा असायला हवा त्या भिंतीला काचेची टाकी होती, दिवाणाएवढी लांब. वरून निळसर पांढरा उजेड पडत होता. आत पाणी, तळाशी पांढरी वाळू, मध्ये भोकाभोकांच्या दगडांची रास. पाणी सारखं हलत होतं. दुसरं काहीही नव्हतं. टाकीसमोर एक वेताची खुर्ची होती आणि ती दाराकडे नाही, टाकीकडे तोंड करून ठेवलेली होती.

"काकू, मासे कुठे आहेत?"

"नाहीत."

"मेले का?"

"यायचेत. मासे नंतर, आधी प्रवाळ. पाणी तयार व्हायचंय अजून."

"तयार होऊन राहिलंय होय?"

"होऊन राहिलंय नाही, होतंय. राहायला तू आलीयस."

माझ्या वऱ्हाडीची अशी चिरफाड त्या रोज करत. पण त्या पहिल्या संध्याकाळी मला हसू आलं नाही. रिकाम्या टाकीसमोर ती बाई चहाचा कप घेऊन बसली आणि जेवणाची वेळ होईपर्यंत बसून राहिली. टीव्ही बघावा तशी. मध्येच मान थोडी कलती करत, मध्येच हलकंसं स्मित. मी आईला फोनवर सांगितलं, घर स्वच्छ आहे, काकू चांगल्या आहेत. टाकीचं सांगितलं नाही.

रोज सकाळी पूजेच्या वेळेला त्या पूजा करत नसत. सिरिंजने टाकीतलं पाणी काढून काचेच्या नळ्यांत भरत, थेंब टाकत आणि खिडकीपाशी नेऊन रंग बघत. लॅबमधला पांढरा कोट अंगात असे. "पेशंट कसा आहे?" असं मी विचारलं की म्हणत, "गप्प आहे." पाणी गप्प असणं म्हणजे चांगलं. त्यात अमोनिया नाही, काही सडत नाही, कशाची कुरबुर नाही. मग मीठ मोजायचं, शुद्ध पाण्याची कॅन ओतायची, काचेवर चिकटवलेल्या पांढऱ्या वैद्यकीय पट्टीपर्यंत पातळी आणायची. उन्हाळ्यात रोज बोटभर पाणी उडून जाई. एक दिवस ओतायचं राहिलं तर पट्टीखाली मिठाची रेघ उमटे.

टाकी त्यांची नव्हती. अनंतरावांची होती.

अनंतराव लिमये बँकेत अधिकारी. कॉम्प्युटर आले, माणसं जड झाली आणि बँकेने स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली, तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी अर्ज दिला. मित्रांबरोबर अंदमानला गेले. तिथे कोणीतरी त्यांच्या तोंडाला मुखवटा बांधून त्यांचं डोकं पाण्याखाली धरलं. "धरलं कसलं," काकू म्हणाल्या, "बुडवलं ते बुडवलंच. परत आला तो वेगळाच माणूस. जेवताना बोलायचा नाही. विचारलं तर म्हणायचा, वसू, खाली केवढी वस्ती आहे!"

काकू नवऱ्याबद्दल 'हे' आणि 'तो' दोन्ही वापरत. प्रेमाने बोलताना 'तो' आणि रागाने बोलताना 'हे'.

अनंतरावांनी टाकी करवून घेतली, वाळू आणली, समुद्रातून आलेले दगड आणले. त्या दगडांना जिवंत दगड म्हणतात, कारण त्यांच्या भोकांत न दिसणारे असंख्य जीव राहतात आणि तेच पाणी राखतात. काकू टाकीला 'खारट कपाट' म्हणत. टाकी आल्यानंतर दोन महिने त्यांनी नवऱ्याशी धड बोलणं टाकलं होतं. पाणी अजून तयार होत होतं तेवढ्यात अनंतरावांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यात जे काही दिवस होते त्यात फक्त डावा हात हलायचा. मूठ उघडायची, मिटायची. काही सांगायचं होतं.

"मी पाटी दिली, पेन दिलं, अक्षरं दाखवली," काकूंनी मला सांगितलं ते भाजी निवडता निवडता. "बायको म्हणून इतकी वर्षं काढली, पण त्या मुठीचा अर्थ काही लागला नाही. शेवटपर्यंत उघडमिट, उघडमिट. मग मिटलीच."

"मग टाकी का ठेवलीत?"

त्यांनी मेथीची काडी मोडली. "विकणारच होते. तेराव्यानंतर पंपाचं बटण बंद करायला हात घातला. बटणावर बोट ठेवलं आणि आतून आवाज आला. टक्."

"कसला?"

"काचेवर बोटाच्या पेराने टक् करावं तसा. आतून."

त्या हसल्या नाहीत, म्हणून मीही हसले नाही.

तो आवाज पुढे मीही ऐकला. कधी सकाळी दात घासताना, कधी रविवारी दुपारी पेपर वाचताना. टक्. एकच, स्वच्छ आवाज. पहिल्यांदा मी दार उघडायला धावले. मग इंटरनेटवर शोधून आले आणि विजयी मुद्रेने काकूंना सांगितलं, की दगडांतून एका जातीची कोळंबी लपून येते, तिच्या नांगीचा असा टोला वाजतो.

"मला माहीत आहे," काकू म्हणाल्या. "आपण विज्ञानवाले आहोत. कोळंबीच ती."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "फक्त मी काहीतरी विचारलं की वाजते, एवढंच."

वर्षश्राद्ध झालं आणि काकूंनी जाहीर केलं की पाणी तयार आहे. आपल्या समुद्रातलं प्रवाळ काढायला बंदी आहे, त्यामुळे मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे परदेशात शेतात वाढवलेलं मागवलं. ते रात्रीच्या खासगी बसने येणार होतं. सकाळी आम्ही दोघी स्वारगेटला गेलो. थर्माकोलचा खोका काकूंनी कोणाच्या हाती दिला नाही. रिक्षात मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी कवटाळून बसल्या. रिक्षावाल्याने आरशातून पाहत विचारलं, "काय आहे ताई एवढं जपून?"

"अवयव," काकू म्हणाल्या.

त्या माणसाने सारसबागेपासून सदाशिव पेठेपर्यंत रिक्षा एकाही खड्ड्यात जाऊ दिली नाही. उतरताना त्याने जास्त पैसे मागितले नाहीत आणि खोक्याला नमस्कार केला.

खोक्यात दोन पिशव्या होत्या. एकीत झेनिया नावाचं मऊ प्रवाळ, तळहाताएवढ्या दगडाला चिकटलेलं. दुसऱ्या पिशवीत व्यापाऱ्याने भेट म्हणून पाठवलेला एक दगड, त्यावर तपकिरी बटणं शिवल्यासारखे मिटलेले गोल. दोन्ही एकदम टाकीत सोडायची नसतात. प्रवासाच्या पाण्यातून नव्या पाण्यात त्यांना हळूहळू आणावं लागतं. काकूंनी त्यासाठी सलाईनचा सेट काढला. टाकीतून नळी बादलीत सोडली, चाक फिरवून धार थेंबावर आणली आणि वेताच्या खुर्चीत बसल्या. एक बोट चाकावर, नजर थेंबांवर. मी जेवायला बोलावलं, आल्या नाहीत. दुपार कलली तरी त्या तशाच. मला एकाएकी जाणवलं की या बाईला असं बसायची सवय आहे, दवाखान्यात अशाच नळीपाशी, अशाच पाठीने. मी पुन्हा हाक मारली नाही.

संध्याकाळी कोपरापर्यंत हात घालून त्यांनी दोन्ही दगड राशीवर ठेवले. झेनियाचं झाड आडवं पडलं. राखाडी, बुळबुळीत, कफासारखं. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही. काकू नळ्यांत पाणी घेऊन बघत आणि पाणी गप्पच होतं. "रिपोर्ट नॉर्मल, पेशंट सीरियस," त्या म्हणाल्या. "असे पेशंट मला आवडत नाहीत." त्या आठवड्यात त्यांनी कोणाचीही पापणी पाहिली नाही.

मग एका सकाळी मी चहा करायला उठले तर काकू खुर्चीत नव्हत्या. टाकीसमोर जमिनीवर बसल्या होत्या, कपाळ काचेला टेकलेलं. झेनिया उभं राहिलं होतं. फिकट गुलाबी देठ, प्रत्येक देठाच्या टोकाला आठ बोटांचा इवला पंजा. ते पंजे उघडत होते आणि मिटत होते. पाण्याच्या लाटेने नव्हे, आपापले, प्रत्येक आपल्या वेळेने. शंभरेक लहान मुठी. उघडमिट, उघडमिट.

माझ्या अंगावर काटा आला. काकूंच्या आला नव्हता. त्यांचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर कधीही तसा पाहिला नाही. रिपोर्ट हातात आलेल्या माणसासारखा.

"यानेच मागवलं होतं," त्या म्हणाल्या. "हेच नाव. मुंबईवाल्याने सांगितलं, साहेबांनी आजारी पडायच्या आधी झेनियाच सांगून ठेवलं होतं. मला माहीत नव्हतं."

पुढचे काही आठवडे घरात पाहुणा आल्यासारखे गेले. काकू टाकीशी बोलत. मोठ्याने नाही, कामं करता करता. आज गॅस संपला. केतकीचा फोन आला होता. तो आपटे पुन्हा वाटेत स्कूटर लावून गेला. आपटे तळमजल्यावर राहत आणि त्यांची स्कूटर हा अनंतरावांच्या काळापासूनचा विषय होता. मी हॉलमधून जाताना पावलं वाजवू लागले, दोघांच्या बोलण्यात शिरायचा संकोच वाटावा तशी.

मग मुठी तुटायला लागल्या. सकाळी वाळूवर दोन-तीन गुलाबी देठ पडलेले असत, मुळाशी कापल्यासारखे. त्यांचे पंजे वाळूवर पडल्या पडल्यासुद्धा थोडा वेळ हलत. काकू चिमट्याने ते उचलत आणि तुळशीत पुरत. रोज झाड विरळ होत गेलं. आवाज मात्र वाढला. टक्. टक्.

"तीच आहे," एका सकाळी काकू म्हणाल्या. त्यांचा सूर मी ओळखला नाही. "तीच कापतेय. त्या बटणांच्या दगडात बसते. मी भोकात डोळे पाहिले."

"व्यापाऱ्याला विचारूया का?"

"मी आयुष्यभर जंतू मारलेत. उकळत्या पाण्यापुढे कोणाचं काही चालत नाही."

रविवार होता. मी केस धुऊन गॅलरीत वाळवत होते. स्वयंपाकघरातून वास येऊ लागला, समुद्रावर काहीतरी सडतंय तसा. डोळे चुरचुरले. मी आत येऊन निवलेल्या चहाचा घोट घेतला तर तो लोखंडासारखा लागला. तेवढ्यात काकू दारात आल्या. त्यांच्या मागे वाफ होती. गॅसवर मोठं पातेलं, त्यात तो बटणांचा दगड खदखदत होता.

"पल्लवी, तोंडाला चव कसली येतेय?"

"नाणं चोखल्यासारखी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं. त्यांच्या डोक्यात काहीतरी जुळलेलं मला दिसलं. "बाहेर हो," त्या म्हणाल्या. "पदर नाकाला लाव. ओढणी, ओढणी लाव. जिन्यात जा, खाली जा. आत्ता."

"तुम्ही?"

"गॅस चालू आहे."

त्या वाफेत परत गेल्या. मी जिन्यात बसले आणि मला थंडी वाजू लागली, भर उन्हाळ्यात दात वाजायला लागले. वरून खिडक्या उघडल्याचे आवाज आले, झाकण पडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. आपटे वर धावले तेव्हा काकू दाराच्या उंबऱ्यावर बसलेल्या होत्या. दार त्यांनी मागे ओढून घेतलं होतं. श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

ती तपकिरी बटणं विषारी असतात. हातात धरली तर सहसा काही होत नाही, पण तापवली की त्यांचं विष वाफेत मिसळतं. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी काकूंचं सगळं ऐकून घेतलं, शोधून वाचलं, कुठेकुठे फोन केले आणि परत येऊन सांगितलं, "आजी, तुम्ही म्हणता तेच आहे. याला उतारा नाही. श्वास सांभाळायचा आणि वाट पाहायची." त्यांनी काकूंची पापणी खाली ओढली. मास्क लावलेल्या काकूंनी त्यांचा हात बाजूला केला आणि मॉनिटरकडे बोट दाखवलं. तिकडे बघा.

मी काही दिवसांत सुटले. बाबा येऊन मला अकोल्याला घेऊन गेले. काकू आत राहिल्या, आधी अतिदक्षता विभागात, मग वॉर्डात. केतकी मेलबर्नहून आली. ती कोथरूडला सासरी उतरली, कारण विषाच्या घरात पाऊल टाकायचं नाही असं तिच्या नवऱ्याने बजावलं होतं. एक माणूस तोंड झाकून स्वयंपाकघर तेवढं धुऊन गेला, मग फ्लॅटला कुलूप लागलं. किल्ली आपट्यांकडे होती. बोलता येईना तेव्हा काकूंनी खुणा करून एकच गोष्ट सांगितली होती, विजेचं मुख्य बटण बंद करायचं नाही.

त्या परतल्या तेव्हा पावसाळा मध्यावर आला होता. मी सुट्टी संपवून त्याच दिवशी पुण्यात आले, म्हणून आम्ही एकत्र जिना चढलो. दर पायरीवर त्या थांबत. आवाज गेल्यातच जमा होता, नुसती कुजबुज उरली होती. केतकी खालीच थांबली. दाराशी आल्यावर मी नाकाला रुमाल लावला. एवढे आठवडे कोणी पाणी घातलेलं नाही, सगळं मरून सडलं असणार, याची मी तयारी केली होती.

दार उघडलं. हॉल निळा होता. पंपाची घरघर चालू होती. वास येत होता तो नुसता समुद्राचा, ताजा. फरशीवर धुळीचा अखंड थर होता आणि टाकीपर्यंत त्यावर उमटत गेली ती आमचीच पावलं. झेनियाने सगळी रास व्यापली होती. तुटलेल्या देठांच्या जागी झुडपं उठली होती, ती दगडांवरून मागच्या काचेवर चढली होती. हजारो मुठी. आणि पाणी काचेवरच्या पांढऱ्या पट्टीला बरोबर टेकलेलं होतं. पट्टीखाली मिठाची रेघ नव्हती.

मी खाली जाऊन आपट्यांना विचारून आले. ते वर गेले नव्हते. "विष आहे म्हणतात, मी कशाला जातो मरायला?" किल्ली त्यांच्या देवघरात, ठेवली तशीच होती.

मी वर येऊन काकूंना सांगितलं. त्या वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या.

"पावसाळ्यात हवा ओली असते," त्या कुजबुजल्या. "पाणी उडत नाही."

मग पट्टीकडे पाहत राहिल्या. "एवढी ओली नसते."

आतून आवाज आला. टक्.

म्हणजे ते त्या उकळलेल्या दगडात नव्हतंच. मला पळून जावंसं वाटलं. काकूंनी डोळे मिटले आणि त्यांचे खांदे खाली आले, दवाखान्यात इतके आठवडे वर ओढलेले खांदे.

केतकीने अट घातली. टाकी राहील किंवा मी येईन, दोन्ही नाही. ती वाईट मुलगी नव्हती. वडिलांपाठोपाठ आईही जाताजाता वाचली होती, आणि पोटुशी असल्याने तिला परत लवकर जायचं होतं. काकूंनी वाद घातला नाही. वाद घालायला आवाज लागतो. त्याच सुमारास हडपसरला आमच्या कंपनीची नवी इमारत उभी राहिली होती, रिसेप्शनला काहीतरी भव्य हवं होतं. मी बोलून पाहिलं आणि ते तयार झाले. काकूंची एकच अट होती, पाणी तपासायला त्या स्वतः येणार.

टाकी हलवायच्या दिवशी दगड एकेक करून बाहेर निघाले, पाण्याच्या पिंपांत गेले. हलवणाऱ्या माणसांनी प्रत्येक भोकात टॉर्च मारला. मी सांगितलं होतं, आत कोळंबी आहे, सांभाळा. वाळू चाळणीने चाळली. कोळंबी निघाली नाही. खेकडा नाही, किडा नाही, नांगी असलेलं काहीही नाही. त्यांच्यातला मुख्य माणूस म्हणाला, "ताई, यात आवाज करणारं काहीच नाही."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली. सापडणार नव्हतंच, अशी.

त्यानंतर दर गुरुवारी त्या पीएमटीच्या बसने हडपसरला येत. गळ्यात व्हिजिटरचा पास, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत नळ्या आणि पांढरा कोट. रिसेप्शनवरच्या मुली त्यांना वचकून असत, कारण पापण्या त्यांनी तिथेही सोडल्या नव्हत्या. सुरक्षारक्षकाला त्यांनी तपासायला पाठवलं आणि त्याला खरोखरच कावीळ निघाली, तेव्हापासून तो त्यांची वहीत सही घेत नसे. पाणी तपासून झालं की त्या टाकीसमोरच्या गुबगुबीत सोफ्याकडे पाठ करून उभ्याच राहत. मी तोवर लग्न होऊन मगरपट्ट्याच्या बाजूला राहायला गेले होते. गुरुवारी जमेल तेव्हा खाली येऊन त्यांना चहा पाजत असे.

शेवटचं पाहिलं तोही गुरुवारच होता. पुढच्या आठवड्यात केतकी त्यांना कायमचं मेलबर्नला नेणार होती. ऑफिस सुटायची वेळ. मी काचेच्या लिफ्टमधून उतरत होते आणि वरून मला काकू दिसल्या. टाकीच्या अगदी जवळ उभ्या. ओठ हलत होते. आजूबाजूने माणसं बसकडे पळत होती, कोणाचं लक्ष नव्हतं. त्या काहीतरी सांगत होत्या, सविस्तर, हातवारे करून. मग थांबल्या. मान जराशी कलती केली, समोरचा बोलतो तेव्हा आपण करतो तशी. बराच वेळ ऐकलं. कपाळाला आठी पडली, मग ती सुटली. त्यांनी हसून मान हलवली आणि उत्तर दिलं.

लिफ्टचं दार उघडलं. मी जवळ गेले तेव्हा शेवटचे शब्द माझ्या कानावर पडले. "नाक तुझ्यावर गेलंय म्हणते केतकी." नातीबद्दल होतं ते.

मी म्हटलं, "काकू, गाडी आणलीय. घरी सोडते तुम्हाला. पाऊस येईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्या मला कधी घाईत दिसल्या नव्हत्या, त्या वेळी दिसल्या. महत्त्वाच्या फोनवर असलेल्या माणसाने खूण करावी तसा त्यांनी हाताचा पंजा मला दाखवला, थांब.

"तू हो पुढे," त्या कुजबुजल्या. "याचं अजून बोलून व्हायचंय."

आणि पुन्हा काचेकडे वळल्या. दाराशी जाऊन मी मागे पाहिलं. त्या निळ्या उजेडात उभ्या होत्या, कान काचेला लावून, आणि मध्ये मध्ये हुंकार देत होत्या.